व्हॉइस गेटवेची कॉन्फिग फाइल कशी घडली

व्हॉइस गेटवे ही दोन टेलिफोन-व्यवस्थांच्या उंबरठ्यावर बसवलेली पेटी असते. तिच्या एका अंगाला टेलिफोन कंपनीची तार येते. भारतातल्या मध्यम आकाराच्या कार्यालयात ही तार बहुधा पीआरआय लाइन असते आणि तिच्यावरून एका वेळी ३० संभाषणे चालतात. दुसऱ्या अंगाला साधी इथरनेट केबल असते. तारेवरच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने असतात. गेटवे त्यांचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा आयपी पाकिटात भरतो आणि सेकंदाला ५० पाकिटे रवाना करतो. उलट दिशेने येणारी पाकिटे सोडवून तो पुन्हा आवाज बनवतो. हे काम चिप करते आणि ते जगात सगळीकडे जवळपास एकसारखे चालते.

गेटवेला आपण कुठे बसलो आहोत आणि कोणासाठी बसलो आहोत हे कळते ते कॉन्फिग फाइलीमुळे. कोणता नंबर फिरवला तर कॉल कोणत्या वाटेने न्यायचा, पुढचे शून्य काढून टाकायचे की नवे जोडायचे, लाइन व्यग्र असेल तर कोणता आवाज ऐकवायचा, कोणत्या पत्त्यावरून आलेला कॉल नाकारायचा, हे सगळे या फाइलीत लिहिलेले असते. गेटवे बिघडला तर नवा विकत घेता येतो, पण फाइल हरवली तर ती आठवून पुन्हा लिहावी लागते. जाणकार तंत्रज्ञ पेटीपेक्षा फाइलीला जास्त जपतो.

ही माहिती मात्र गेटवेबरोबर जन्मलेली नाही. टेलिफोन एक्स्चेंज आले तेव्हापासून ती कुठे ना कुठे ठेवावी लागलीच. आधी ती माणसाच्या डोक्यात होती, मग तारांच्या जोडणीत, मग धातूच्या पत्र्यांवर आणि चुंबकांत गेली. मजकुराच्या फाइलीत ती फार उशिरा आली. या प्रवासात एक अडचण प्रत्येक टप्प्यावर पुन्हा उभी राहिलेली दिसते. यंत्र या क्षणी ज्या नियमाने चालले आहे तो नियम आणि जतन करून ठेवलेला नियम, हे दोन्ही एकच राहतील याची व्यवस्था कशी लावायची? कॉन्फिग फाइलीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले. चार वर्षांनी, जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथल्या एक्स्चेंजची घोषणा झाली. सुरुवातीच्या काळात ग्राहक नावाने ओळखले जात आणि कोणाचे भोक फळीवर कुठे आहे हे ऑपरेटरला पाठ असे. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावी १८७९ मध्ये गोवराची साथ आली. तिथल्या दोनशेहून अधिक ग्राहकांची नावे फक्त चार ऑपरेटरांना पाठ होती. चौघेही एकदम आजारी पडले तर गावाचा टेलिफोन बंद पडेल, ही शंका गावातले डॉक्टर मोझेस ग्रीली पार्कर यांना आली आणि ग्राहकांना क्रमांक द्यावेत असे त्यांनी सुचवले. क्रमांक असले की नवशिक्या माणसालाही काम करता येणार होते. आज सर्वांच्या ओळखीचा झालेला टेलिफोन नंबर असा बॅकअपच्या गरजेतून रूढ झाला.

पुढची पायरी कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजर यांनी गाठली. स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट त्यांना १८९१ मध्ये मिळाले आणि इंडियानातल्या ला पोर्ट इथे ३ नोव्हेंबर १८९२ रोजी असे एक्स्चेंज चालू झाले. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसले. पुढे रूढ झालेल्या स्ट्रोजर पद्धतीत ग्राहकाने फिरवलेल्या प्रत्येक आकड्याचे विद्युत ठोके सरळ यंत्राच्या दांड्यापर्यंत पोहोचत. पाच फिरवले की दांडा पाच पायऱ्या वर चढे आणि मग आडवा सरकून मोकळी वाट शोधे. नंबर हाच रस्ता होता. मधे कोणी अर्थ लावणारा नव्हता, त्यामुळे वेगळी नोंद ठेवण्याचीही गरज नव्हती. एक्स्चेंजची सारी रचना सोल्डर केलेल्या तारांमध्ये होती. रस्ता बदलायचा तर डाग सोडवून तार दुसरीकडे लावायची आणि मग नोंदवहीत तसे लिहायचे. तार बदलली पण वही तशीच राहिली, तर पुढच्या पाळीतला माणूस जोड्या चाचपत बसे. लाइनमनच्या पेशात ही कटकट आजही संपलेली नाही.

नंबर आणि रस्ता यांची गाठ फार काळ टिकणार नव्हती. लंडनसारख्या महानगरात एक्स्चेंजची संख्या वाढली आणि एकाच नंबरकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या वाटांनी जावे लागू लागले. होबर्न इथे १९२७ मध्ये सुरू झालेल्या डायरेक्टर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये फिरवलेले आकडे आधी साठवले जात, त्यांचे भाषांतर होई आणि मग निराळेच आकडे पुढे पाठवले जात. गेटवेमधल्या नंबर बदलणाऱ्या नियमांची मूळ कल्पना ही. अमेरिकेत दूरच्या पल्ल्याच्या एक्स्चेंजमध्ये १९५०च्या दशकात याच कामासाठी धातूच्या पत्र्यांची पेटी आली. प्रत्येक पत्र्यावर एका गंतव्याची माहिती छिद्रांच्या आकारात कोरलेली असे. कॉल आला की नेमका पत्रा खाली सरके, छिद्रांतून प्रकाश जाई आणि समोरचे फोटोट्रान्झिस्टर तो वाचत. मार्ग बदलायचा असेल तर नवा पत्रा तयार करून जुन्याच्या जागी घालायचा. इथे नियम पहिल्यांदाच यंत्राच्या तारांपासून सुटा झाला आणि हातात धरता येण्याजोगा झाला.

न्यू जर्सीतल्या सक्कासना गावी मे १९६५ मध्ये सुरू झालेले बेल कंपनीचे ‘नंबर वन ईएसएस’ हे एक्स्चेंज या इतिहासात अधिक वेळ थांबून पाहण्यासारखे आहे. साठवलेल्या प्रोग्रॅमवर चालणारे हे पहिले मोठे सार्वजनिक एक्स्चेंज. त्याचा प्रोग्रॅम आणि ग्राहकांची बरीचशी माहिती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर चिकटवलेल्या चिमुकल्या चुंबकांत होती. एका पत्र्यावर ६४ शब्द, प्रत्येक शब्दात ४४ बिट, म्हणजे २,८१६ चुंबक. असे १२८ पत्रे एका खणात बसत. वीज गेली, यंत्र कोसळले तरी चुंबक तसेच राहत, आणि भरवशासाठी हीच तर गरज होती. पण याच गुणामुळे एक अडचण आली. चालू यंत्राला स्वतःचे पत्रे लिहिता येत नव्हते. ते बाहेर काढून वेगळ्या लेखनयंत्रातून फिरवून पुन्हा बसवावे लागत. एखाद्या गृहस्थाने आज फोन घेतला तर त्याच्यासाठी पत्र्यांचा खण उपसणे परवडणारे नव्हते.

अभियंत्यांनी काढलेली तोड अशी होती. टेलिटाइपवरून दिलेला नवा बदल आधी पुसता येणाऱ्या स्मृतीत, ‘रिसेन्ट चेंज’ नावाच्या वेगळ्या जागी, जाई. कॉल आला की यंत्र आधी तिथे पाही. तिथे काही सापडले नाही तरच पत्र्यांकडे वळे. साठलेले बदल मग ठरावीक काळाने नव्या पत्र्यांवर उतरवले जात. एकाच एक्स्चेंजमध्ये असे दोन नियमसंच झाले. एक ताजा पण नाजूक, दुसरा जुना पण पक्का. ‘रिसेन्ट चेंज’ हा शब्द त्या कंपनीच्या पुढच्या एक्स्चेंजमध्येही टिकला, चुंबकाचे पत्रे गेल्यावरही. आजच्या गेटवेवर काम करणाऱ्याला ही रचना लगेच ओळखीची वाटेल, कारण तो रोज तीच वापरतो.

याच बेल कंपनीच्या बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत, टेलिफोनशी थेट संबंध नसलेल्या दालनांत, आणखी दोन हत्यारे तयार झाली. मार्क रोचकिंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही प्रणाली लिहिली. एखाद्या फाइलीच्या सगळ्या आवृत्त्या ती फरकांच्या रूपात साठवून ठेवी. दोन फाइलींमधला नेमका फरक ओळीओळीने दाखवणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅमही तिथलाच, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातला. टेलिफोनचे नियम अजून मजकुराच्या फाइलीत आले नव्हते, त्यामुळे ही हत्यारे तिकडे वळायला पाव शतक जावे लागले.

पाकिटांतून आवाज नेण्याची कल्पनाही त्याच दशकातली आहे. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्पानेटवर १९७३-७४ मध्ये ती करून दाखवली. बाजारात ती यायला मात्र १९९५ उजाडले. त्या वर्षी व्होकलटेक कंपनीचा ‘इंटरनेट फोन’ आला. तो संगणकापासून संगणकापर्यंतच बोलायचा. साध्या फोनपर्यंत पोहोचायचे तर मधे गेटवे हवा होता. पाकिटांतले कॉल जोडण्याचे एच.३२३ हे मानक १९९६ मध्ये, एसआयपी १९९९ मध्ये आले, आणि त्याच सुमारास राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पेट्यांत टेलिफोनच्या तारा जोडण्याची कार्डे घातली. यातून एक मोठा बदल झाला आणि त्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. टेलिफोनचे नियम एक्स्चेंजच्या खास यंत्रभाषेतून निघून राउटरच्या साध्या मजकुरात आले. ते वाचता येऊ लागले, छापता येऊ लागले आणि ईमेलने पाठवताही येऊ लागले.

सिस्कोच्या राउटरमध्ये हा मजकूर दोन ठिकाणी असतो. ‘रनिंग-कॉन्फिग’ चालू स्मृतीत आणि ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत. टाइप केलेली आज्ञा त्याच क्षणी लागू होते, पण ती फक्त पहिल्या प्रतीत जाते. ‘राइट मेमरी’ ही आज्ञा दिली तरच दुसरी प्रत बदलते. ही आज्ञा विसरलेला तंत्रज्ञ काम चोख झाल्याच्या समाधानात घरी जातो. गेटवे महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतो. मग एखाद्या रात्री वीज जाते, यूपीएस दम तोडतो, सकाळी पेटी जुन्या फाइलीवर उठते आणि नव्या शाखेचे सगळे कॉल कुठेच पोहोचत नाहीत. चूक झाली त्या दिवसापासून तिचा परिणाम दिसण्यापर्यंत इतके अंतर पडते की दोन्ही गोष्टींची सांगड घालणे अवघड होऊन बसते. सक्कासनाच्या अभियंत्यांनी ताजे बदल पत्र्यांवर उतरवण्याची नियमित पाळी ठेवली होती. राउटरमध्ये ती जबाबदारी माणसाच्या आठवणीवर आली.

फाइलीतला एक तुकडा जवळून पाहिला तर तिचा स्वभाव कळतो. सिस्को गेटवेमध्ये प्रत्येक वाटेसाठी ‘डायल-पीअर’ असतो. त्यात ‘डेस्टिनेशन-पॅटर्न ०टी’ असे लिहिले तर अर्थ होतो, शून्याने सुरू होणारा आणि पुढे कितीही आकडे असलेला नंबर. ‘टी’मुळे गेटवे पुढचा आकडा येतो का याची वाट पाहतो. ही प्रतीक्षा मुळात १० सेकंदांची ठरवलेली असते, आणि नंबर फिरवल्यावर कानात पडणारी ती लांब शांतता तिचीच. तारेच्या बाजूच्या डायल-पीअरचा आणखी एक नियम आहे. पॅटर्नमध्ये जे आकडे नेमके लिहिले आहेत ते जुळले की गाळून टाकायचे आणि उरलेले तेवढे पुढे पाठवायचे. बाहेरची लाइन घेण्यासाठी शून्य दाबण्याची ज्या कार्यालयांत पद्धत आहे तिथे हे सोयीचेच, कारण ते शून्य टेलिफोन कंपनीला पाठवायचे नसते. पण हा नियम फाइलीत कुठेच लिहिलेला दिसत नाही. यंत्राच्या अंगभूत सवयीतून तो येतो, आणि फाइल वाचणाऱ्याला तो आधीच माहीत असावा लागतो.

या न दिसणाऱ्या नियमाची किंमत भारतात जानेवारी २०२१ मध्ये कळली. लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावण्याचा नियम १५ जानेवारीपासून लागू झाला. घरच्या फोनवर बोट एकदा जास्त दाबले की भागत होते. कार्यालयात मात्र माणसाने दाबलेले पहिले शून्य गेटवेच खाऊन टाकत होता आणि मोबाइलचा दहा आकडी नंबर शून्याविना बाहेर पडत होता. सरसकट शून्य जोडावे तर त्याच शहरातले लँडलाइन नंबर चुकत. म्हणून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडे वेगळे ओळखून फक्त त्यांच्यापुढे शून्य जोडणारा नियम लिहावा लागला, आणि तोही प्रत्येक शाखेच्या प्रत्येक गेटवेत. ज्यांच्याकडे सगळ्या फाइली एका जागी, ताज्या स्थितीत होत्या त्यांचे काम लवकर आटोपले. बाकीच्यांना एकेका पेटीत शिरून आत काय आहे ते आधी पाहावे लागले.

भारतीय कायद्याने कॉन्फिग फाइलीवर याहूनही खोल ठसा उमटवला आहे. पुण्याच्या कार्यालयातला कॉल कंपनीच्या स्वतःच्या डेटा-लाइनवरून मुंबईच्या गेटवेपर्यंत न्यायचा आणि तिथून स्थानिक कॉल म्हणून बाहेर काढायचा, ही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अगदी सोपी गोष्ट. पण त्यात एसटीडीचे पैसे बुडतात, म्हणून त्याला बंदी होती. इंटरनेट टेलिफोनी १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात खुली झाली तरी देशातल्या सार्वजनिक टेलिफोनशी तिची सांधेजोड करायला मोकळीक नव्हती. अनेक कार्यालयांनी यासाठी दोन वेगळ्या टेलिफोन-व्यवस्था ठेवल्या. पुढे सिस्कोने आपल्या कॉल-व्यवस्थापकाच्या ७.१ या आवृत्तीत ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ आणले. प्रत्येक गेटवेला आणि फोनला भौगोलिक स्थान द्यायचे, गेटवे हा ‘सीमेवरचा’ आणि फोन हा ‘आतला’ असे ठरवायचे, आणि कोणत्या स्थानाचा कोणाशी संबंध चालेल याचा तक्ता भरायचा. परवान्यातली अट अशा रीतीने यंत्राला समजेल अशा ओळींत उतरली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे हा तक्ता पुरावा म्हणून ठेवता येई. यंत्राची सोय म्हणून सुरू झालेली फाइल इथे दस्तऐवज झाली.

दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ‘ॲस्टेरिस्क’ लिहायला घेतले. साध्या लिनक्स संगणकाला एक्स्चेंज आणि गेटवे बनवणारा हा मुक्त प्रोग्रॅम. त्याची सगळी रचना एका डिरेक्टरीतल्या मजकुराच्या फाइलींत असते, आणि कॉलचा प्रवास ठरवणारी त्यातली मुख्य फाइल ‘एक्स्टेन्शन्स डॉट कॉन्फ’. सुरुवातीला तिच्यातल्या प्रत्येक ओळीला क्रमांक हाताने द्यावा लागे. १, २, ३ अशा ओळी लिहून झाल्यावर मधे एक घालायची राहिली असे लक्षात आले, की पुढचे सगळे आकडे बदलायचे. फोन व्यग्र असेल तर प्रोग्रॅम चालू क्रमांकात १०१ मिळवून येणाऱ्या ओळीवर उडी मारी, त्यामुळे क्रमांक बदलताना त्या उड्याही सांभाळाव्या लागत. ‘पुढची ओळ’ एवढाच अर्थ असलेले ‘एन’ हे अक्षर चालू झाले तेव्हा या कामातला मोठा त्रास गेला.

ॲस्टेरिस्कने जुन्या अडचणीची बाजू उलटवली. सिस्कोत चालू प्रत पुढे असते आणि जतन केलेली मागे राहते. इथे फाइल बदलली तरी ‘रीलोड’ म्हणेपर्यंत यंत्र जुन्याच नियमाने चालत राहते. फाइलीत दिसते एक आणि घडते दुसरे, ही फसगत दोन्हीकडे होते, फक्त दिशा वेगळी. चालू स्थिती फाइलीत उतरवण्याची आज्ञा ॲस्टेरिस्कमध्येही आहे. पण ती वापरली की फाइल यंत्राच्या स्मृतीतून नव्याने लिहिली जाते आणि माणसाने लिहिलेल्या टिपा नाहीशा होतात. अमुक ओळ अमक्या ग्राहकाच्या तक्रारीवरून घातली, काढू नये, अशी टीप यंत्राच्या लेखी काहीच नसते. पुढच्या माणसाला मात्र तिचाच आधार असतो.

याच संचातली ‘इंडिकेशन्स डॉट कॉन्फ’ ही फाइल छोटी असली तरी मोठी देखणी आहे. तिच्यात देशोदेशीच्या टेलिफोनचे आवाज आकड्यांत लिहिलेले आहेत. भारताच्या भागात डायल टोन म्हणजे ४०० हर्ट्झचा स्वर, २५ हर्ट्झने थरथरणारा. रिंग म्हणजे तोच स्वर ४०० मिलिसेकंद, २०० थांबा, पुन्हा ४०० आणि मग दोन सेकंद शांतता. एंगेज टोन म्हणजे पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. एसटीडी बूथवर रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीच्या कानात बसलेला ‘ट्रिंग-ट्रिंग, थांबा’ हा ठेका चार आकड्यांत मावलेला आहे. फाइलीचा मूळ देश अमेरिका असतो आणि तो बदलायचा राहिला तर फोन करणाऱ्याला परक्या देशाची लांबलचक रिंग ऐकू येते. कॉल लागतो, पण ऐकणारा गोंधळतो आणि काही जण फोन ठेवून देतात.

ऑडिओकोड्स या इस्रायली कंपनीच्या गेटवेंत सारी माहिती एका ‘आयएनआय’ फाइलीत असते आणि बदल कायमचा करण्याच्या क्रियेला ‘बर्न’ म्हणतात. तिथला सापळा वेगळा आहे. पूर्ण फाइल म्हणून जे चढवले जाते त्यात एखादी बाब लिहिलेली नसेल, तर ती बाब कारखान्यातल्या मूळ मूल्यावर परत जाते. दोन ओळी बदलण्यासाठी दोनच ओळींची फाइल चढवणाऱ्याच्या हाती कोरा गेटवे येतो. वाढीव बदल म्हणून चढवण्याचा मार्ग वेगळा दिलेला आहे आणि त्या दोन मार्गांतला फरक नवख्याला आधी समजावून सांगावा लागतो.

फाइल पेटीपर्यंत पोहोचते कशी, हाही या इतिहासाचा भाग आहे. बहुतेक वर्षे हे काम टीएफटीपी या अतिशय साध्या पद्धतीने झाले. तिचे १९८१ चे मानक छोटे आहे. फाइलीचे ५१२ बाइटचे तुकडे पाडायचे, एक पाठवायचा, पोच आली की दुसरा. वापरकर्त्याचे नाव नाही, पासवर्ड नाही. नुकत्याच जाग्या झालेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या पेटीच्या इवल्याशा स्मृतीत मावावे म्हणून ती मुद्दाम अशी ठेवली होती. जुन्या युनिक्स सर्व्हरवर तर गेटवेचा बॅकअप घ्यायचा म्हणजे आधी त्या नावाची रिकामी फाइल तयार करून ती सर्वांना लिहिण्यास मोकळी करावी लागे. नसलेली फाइल सर्व्हर स्वतः बनवत नसे. आयपी फोन आणि छोटे ॲडॉप्टर यांच्या फाइलींची नावे बहुधा त्यांच्या मॅक पत्त्यावरून ठरत. तो पत्ता पेटीच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. म्हणजे स्टिकर पाहिलेला कोणीही नेटवर्कवरून ती फाइल मागू शके आणि आतला पासवर्ड वाचू शके. पुढे फाइली कूटबद्ध करणे आणि एचटीटीपीएसवरून देणे रूढ झाले, पण जुन्या जागी टीएफटीपी अजून चालू आहे.

पासवर्डची काळजी पोकळ नव्हती. इंटरनेटला जोडलेला गेटवे कोणाकडूनही आलेला एसआयपी कॉल स्वीकारून तो तारेवर सोडत असेल, तर परक्या माणसाला त्या कार्यालयाच्या खर्चाने परदेशी बोलता येते. रात्रीतून लाखोंची बिले होतात. सिस्कोने २०१० च्या सुमारास आपल्या प्रणालीत मूळ वागणूकच बदलली. विश्वासू पत्त्यांच्या यादीत नसलेल्याचा कॉल आपोआप नाकारला जाऊ लागला. बदल योग्यच होता, पण तीच जुनी फाइल नव्या आवृत्तीवर चढवली की काही ठिकाणी खरे कॉलही बंद पडले. फाइलीतला एक शब्दही न बदलता तिचा अर्थ बदलला होता.

फाइलींचा इतिहास जतन करण्याची शिस्त या अनुभवांतून आली. वॉल्टर टिची यांची आरसीएस ही आवृत्ती-प्रणाली १९८२ ची. तिच्या आणि तिच्या वारसांच्या आधारावर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रॅन्सिड’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम आला. ठरलेल्या वेळी तो प्रत्येक राउटरमध्ये माणसासारखा लॉगिन करतो, चालू कॉन्फिग वाचून घेतो, कालच्या प्रतीशी ताडून पाहतो आणि फरक सापडला तर ईमेल पाठवतो. त्या ईमेलमध्ये ओळीपुढे उणे चिन्ह म्हणजे गेलेली आणि अधिक चिन्ह म्हणजे आलेली. रॅन्सिडचे मोठेपण असे की तो माणसाच्या शिस्तीवर अवलंबून राहत नाही. कोणी सांगो न सांगो, बदल नोंदला जातो. बेल लॅबोरेटरीजमधला ‘डिफ’ असा वळसा घेऊन पुन्हा टेलिफोनकडे आला.

नोंद राहिली तरी चूक घडायची ती घडतेच. अमेरिकेत ४ ऑक्टोबर २०१६ रोजी एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यात त्रासदायक नंबर अडवण्याचा नियम भरताना एक रकाना रिकामा राहिला. यंत्राने रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘सगळे नंबर’ असा घेतला. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या अहवालानुसार ८४ मिनिटांत सुमारे ११ कोटी १० लाख कॉल अडले आणि आयपी टेलिफोन वापरणाऱ्या सुमारे २ कोटी ९४ लाख ग्राहकांना फटका बसला. रिकामी जागा म्हणजे ‘काहीच नाही’ असे माणूस धरून चालतो. कॉन्फिगच्या भाषेत तिचा अर्थ यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेला असतो.

चुकीतून सुखरूप परतण्याचे उपायही जुने आहेत. दूरच्या गेटवेवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी तंत्रज्ञ ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवतो. बदलाने संपर्कच तुटला तर दहा मिनिटांनी पेटी आपोआप बंद होऊन जतन केलेल्या जुन्या फाइलीवर उठते. सगळे ठीक झाले तर आज्ञा रद्द करायची. दोन प्रतींमधली जी तफावत एरवी घात करते तीच इथे उपयोगाला येते. ज्युनिपर कंपनीने ही युक्ती थेट प्रणालीत गुंफली. बदल आधी ‘उमेदवार’ प्रतीत लिहायचा, मग ‘कमिट’ करायचा, आणि ठरलेल्या मुदतीत पुष्टी दिली नाही तर यंत्र मागच्या प्रतीवर परत जाते.

इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २००२ मध्ये बोलावलेल्या बैठकीत जाळे चालवणाऱ्या माणसांनी आपल्या मागण्या स्पष्ट मांडल्या. कॉन्फिग मजकुरात असावी, दोन प्रती ताडून पाहता याव्यात, आणि माणसाने ठरवलेले काय व यंत्राला चालताना कळलेले काय हे वेगळे दिसावे. तिथून २००६ मध्ये नेटकॉन्फ हे मानक आणि २०१० मध्ये यांग ही वर्णनभाषा आली. नेटकॉन्फमध्ये तीन साठ्यांची नावे आहेत: उमेदवार, चालू आणि स्टार्टअप. गेटवे बनवणाऱ्यांपैकी काहींनी हे स्वीकारले, बऱ्याच जणांनी आपापल्या पद्धती सोडल्या नाहीत. घरोघरच्या छोट्या पेट्यांसाठी २००४ चे टीआर-०६९ जास्त पसरले. त्यात सेवा देणारी कंपनी दुरूनच पेटीची मूल्ये बदलते आणि ग्राहकाला फाइल दिसतही नाही.

बऱ्याच मोठ्या संस्थांत आता गेटवेची फाइल कोणी हाताने लिहीत नाही. शाखेचे नाव, एसटीडी कोड, पीआरआयचा नंबर, पत्ते अशी मूल्ये एका तक्त्यात ठेवतात, साचा एकच असतो, आणि दोन्ही मिळून प्रत्येक शाखेची फाइल तयार होते. बदल साच्यात होतो, तो गिट या आवृत्ती-प्रणालीत नोंदला जातो, दुसरा माणूस तो वाचून मान्यता देतो आणि मगच तो पेट्यांपर्यंत जातो.

दरम्यान तारेची बाजूच आटत चालली आहे. टेलिफोन कंपन्या पीआरआयऐवजी एसआयपी ट्रंक, म्हणजे आयपी पाकिटांतूनच येणारी लाइन, देतात, ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे, आणि गेटवेची जागा दोन आयपी जाळ्यांच्या सीमेवर बसणारा सेशन बॉर्डर कंट्रोलर घेतो आहे. गेटवे उरतो तो फॅक्स यंत्र, लिफ्टमधला आपत्कालीन फोन, फाटकावरचा फोन अशा दोन तारांच्या उपकरणांसाठी. पीआरआय बंद करण्याच्या दिवशी तंत्रज्ञ जुन्या पेटीतून चालू कॉन्फिग शेवटची उतरवून घेतो. टोनचे आकडे, तारेच्या पोर्टची मांडणी, घड्याळाचा स्रोत या ओळी त्यातून गळतात. नंबर ओळखण्याचे नियम, शून्य काढण्या-जोडण्याच्या ओळी आणि विश्वासू पत्त्यांची यादी मात्र जवळजवळ जशीच्या तशी नव्या यंत्राच्या फाइलीत नेली जाते.